आधी छप्पर, मग टन

बीरगावात एप्रिल लागला की घरगुती एसीविषयी जे विचारले जाते ते जवळजवळ ठरलेले असते. किती टनाचा घेऊ, किती स्टारचा घेऊ, कोणत्या कंपनीचा घेऊ. खोली कितव्या मजल्यावर आहे, तिच्या डोक्यावर स्लॅब आहे की टीन, पश्चिमेची भिंत उघडी आहे का, बाहेरचे युनिट कुठे टांगणार आणि त्या खोलीत माणूस झोपतो तो रात्री की दिवसा, हे प्रश्न दुकानात निघतच नाहीत. खोल्यांचा उष्णतेचा हिशेब मांडायचा, त्यावरून यंत्र सुचवायचे, ते बसवून घ्यायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच यंत्रांच्या तक्रारी ऐकायच्या, असे माझे काम आहे. या कामाने माझे एक मत पक्के केले आहे. इथल्या घरासाठी एसीची निवड छपरापासून सुरू व्हावी आणि टनाचा आकडा सगळ्यात शेवटी ठरावा. आज हा क्रम उलटा चालतो, आणि त्याची किंमत घरातली माणसे दर महिन्याच्या बिलात आणि दर रात्रीच्या अर्धवट झोपेत मोजतात.

बीरगाव रायपूरला खेटून बिलासपूर रस्त्यावर आहे. नगर निगम स्वतःचे, पण शहर म्हणून ओळख उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांमुळे. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, फेरो अलॉयच्या भट्ट्या, आणि त्यांत पाळ्यांवर काम करणारी माणसे. घरे बहुतेक एक-दोन मजली, वर उघडा सिमेंटचा स्लॅब; कामगारांच्या खोल्यांवर टीन किंवा सिमेंटचे पत्रे. गच्चीवर सकाळी अनवाणी चालले की तळवे काळे होतात, इतकी काजळी रात्रीतून बसते. हवामान नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको: मे महिन्यात पारा ४३-४४ च्या पुढे, हवा कोरडी ठक्क, जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो आणि तापमान उतरले तरी हवा इतकी दमट होते की पंख्याखालीही अंग चिकट राहते. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर भागात कोळशाच्या धुळीत राहणाऱ्यांना यातले बरेच लागू पडेल. म्हणजे इथल्या हवामानात एका वर्षात दोन वेगळे उन्हाळे, आणि त्यांच्याशी झगडायची साधनेही वेगळी. एकच यंत्र दोन्ही ऋतूंत सारखेच चालेल असे धरून केलेली खरेदी इथे फसते.

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. विहिरीवरचा पंप जसा पाण्याला खालून वर चढवतो, तसा कॉम्प्रेसर उष्णतेला २६ अंशांच्या खोलीतून ४५ अंशांच्या अंगणात चढवतो. आणि चढण जितकी उंच तितके पाणी कमी व वीज जास्त, हा नियम दोन्हीकडे सारखा. यंत्राच्या खोक्यावरची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना. बीरगावात मेच्या दुपारी बाहेर ३५ नसतात. ४५ अंशांत तेच यंत्र साधारण दहा-पंधरा टक्के कमी उष्णता उचलते आणि त्यासाठी जास्त वीज खाते. शिवाय दीड टन म्हणून जे विकले जाते त्याच्या लेबलावर नीट पाहिले तर ४,७०० पासून ५,२०० वॉटपर्यंत काहीही आकडा सापडतो; खरा दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॉट. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या स्टार लेबलमागे वर्षाचे १,६०० तास आणि बाहेरचे २४ ते ४३ अंश तापमान धरलेले असते. लेबल खोटे नाही. ते सबंध देशासाठी सरासरीने केलेले आहे. रात्री चालणाऱ्या एसीला ते बरेचसे लागू पडते. दुपारी चालणाऱ्या एसीला बीरगावात ते अपुरे पडते.

आता छपराचा हिशेब. दहा बाय बाराची खोली, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. वर पाच इंचांचा उघडा स्लॅब. अशा स्लॅबच्या एका चौरस मीटरमधून दर अंश फरकामागे साधारण साडेतीन वॉट उष्णता आत येते. मेच्या उन्हात स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो; खोलीत आपल्याला २६ हवे असतात. फरक ३५ अंशांचा धरला तर अकरा गुणिले साडेतीन गुणिले पस्तीस, म्हणजे जवळजवळ १,३५० वॉट. एका टनाची ताकद ३,५०० वॉट. एक टनातला चाळीस टक्के भाग एकट्या छपराशी लढण्यात खर्च होतो. माणसे, भिंती, खिडकी, टीव्ही यांचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही. झोपलेल्या माणसाच्या अंगातून शंभर वॉटसुद्धा निघत नाहीत. चार जणांचे कुटुंब एका खोलीत निजले तरी त्यांची मिळून उष्णता या स्लॅबच्या तिसऱ्या भागाच्या आसपास. तरीही दुकानदार विचारतो, खोलीत माणसे किती. छपराचे नाव काढत नाही. घरांसाठी केंद्राने २०१८ साली केलेल्या इको निवास संहितेत छपरातून दर चौरस मीटरला दर अंशामागे १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता येऊ नये अशी मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेत बसणारे छप्पर असेल तर वरचा आकडा १,३५० वरून साडेचारशेवर येतो. पाव टन तिथेच वाचला, तोही दर उन्हाळ्यात, वीज न खाता.

उष्णता आत केव्हा पोहोचते, हेही तितकेच महत्त्वाचे. स्लॅब दुपारी बारा-एकला वरून तापतो, पण खालून सगळ्यात गरम होतो तो तीन-चार तासांनी. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आत यायला सात-आठ तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीने चार वाजता घेतलेले ऊन रात्री अकरा-बाराला आत उतरते, म्हणजे नेमके झोपायच्या वेळी. ‘रात्री बाहेर गार वारा असतो आणि खोलीत भट्टी’ ही तक्रार इथे घरोघर ऐकू येते, तिचे कारण हे आहे. टीनला तर असा उशीरही नसतो. ऊन चढले की पत्रा लगेच तापतो आणि त्याची आच थेट अंगावर पडते. हवा २६ अंशांवर आणली तरी ६० अंशांचा पत्रा डोक्यावर असेल तर माणसाला गार वाटत नाही, कारण शरीर हवेइतकीच भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता घेते. टीनखाली नुसता एसी लावणे हा म्हणूनच सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी सुख देणारा उपाय आहे. पत्र्याखाली हवा खेळेल इतकी जागा सोडून रॉकवूल आणि जिप्समचे छत घातले की तीच खोली वेगळी होते. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो पेट घेतो. डोक्यावर आणि वायरिंगजवळ तो नको.

बीरगावची एक गोष्ट देशभरच्या सल्ल्यांमध्ये कधी धरलेली नसते. इथे हजारो माणसे नाइट शिफ्ट करून सकाळी घरी येतात आणि नऊ ते चार झोपतात. भट्टीसमोर रात्र काढलेल्या माणसाची झोप मेच्या दुपारी, टीनखाली किंवा उघड्या स्लॅबखाली. त्याच्यासाठी एसीला चैन म्हणणे मला अन्यायाचे वाटते. झोप अपुरी राहिलेला माणूस पुन्हा वितळलेल्या लोखंडाजवळ उभा राहतो. त्याच्या झोपेचा प्रश्न हा सुरक्षेचा प्रश्न आहे. पण याच माणसाला बाजारातला ठरलेला सल्ला सगळ्यात कमी उपयोगी पडतो, कारण तो सल्ला रात्री झोपणाऱ्याचा आहे. दिवसा झोपणाऱ्याला यंत्र ४४-४५ अंशांच्या हिशेबाने लागते, खिडकीवर बाहेरून सावली लागते, आणि छप्पर तर आधी लागते. बाहेरून म्हणतो ते मुद्दाम: आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते. खिडकीवर बाहेरून टांगलेली बांबूची चटई किंवा पुढे काढलेला छज्जा तिला दारातच थांबवतो.

छपराचे उपाय अवघड नाहीत. ताज्या चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा थर उन्हाचा सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त भाग परत पाठवतो. जुना करडा स्लॅब जेमतेम तीस. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी राज्याचे धोरणच आणले, अहमदाबादेत उष्णता कृती आराखड्याचा भाग म्हणून वस्त्यांमधली छपरे पांढरी केली गेली. यावर बीरगावचा माणूस जो आक्षेप घेतो तो अगदी खरा आहे: इथे पांढरे महिन्याभरात काळे पडते. उरल्याची काजळी चुन्यावर बसली की परावर्तन झपाट्याने घटते, आणि दर आठवड्याला गच्ची धुवायला उन्हाळ्यात पाणी कुठले? म्हणून मी इथे चुना हा मुख्य उपाय मानत नाही. मार्चअखेर दोन हात चुना फासावा, खर्च थोडा आहे, पण भिस्त त्यावर ठेवू नये. काजळी परावर्तन मारते. सावली आणि रोधक थर यांना ती मारू शकत नाही. गच्चीवर हात-दोन हात उंचीवर हिरवी जाळी ताणली, किंवा स्लॅबवर रोधक थर घालून वर पांढऱ्या टाइल-तुकड्यांचे चायना मोझॅक केले, तर तो उपाय टिकतो आणि टाइलवरची काजळी ओल्या पोछ्यानेही निघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर पॅनेलांच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळते. त्या पॅनेलांची वीज सगळे मोजतात, पण त्यांखालचा स्लॅब दिवसभर सावलीत राहतो हा फायदा कुणी मोजत नाही. एसी लावायच्या खोलीच्या नेमके वर ती पॅनेले बसवली तर एकाच खर्चात दोन कामे होतात. काजळी पॅनेलांवरही बसते, ती पुसावी लागते, हे आधीच माहीत असू द्यावे.

भाडेकरूचे काय, हा दुसरा आक्षेप, आणि बीरगावात तो बऱ्याच वस्तीचा आहे. दुसऱ्याच्या छपरावर कोण खर्च करील? पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण भाडेकरूला एक मोकळीक असते जी घरमालकाला नसते: तो खोली बदलू शकतो. त्याच इमारतीत वरच्या मजल्याऐवजी खालची, पश्चिमेऐवजी पूर्वेची किंवा उत्तरेची खोली थोडे भाडे जास्त देऊन घेतली, तर तो फरक एसीच्या बिलात भरून निघू शकतो. जिथे तेही शक्य नाही तिथे जाळी, बाहेरची चटई आणि हलवता येईल असे यंत्र एवढ्यावर भागवावे लागते. घरमालकांनीही विचार करावा. दरवर्षी भाडेकरू स्लॅबखाली दोन टनाचे यंत्र लावतो, मीटर आणि वायरिंग तापते, तेव्हा नुकसान त्यांच्याच इमारतीचे होत असते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप मात्र वेगळा आहे. छपराची एवढी उठाठेव कशाला, सरळ दोन टनाचा घ्या, विषय संपला. मेच्या कोरड्या दुपारी हे चालतेही. अडचण जुलैत येते. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली ती गारव्यासाठी नव्हती. दमटपणाने कागद फुगून रंगांची छपाई सरकत होती, तो दमटपणा आवरण्यासाठी होती. पावसाळ्यात आपल्यालाही एसीकडून हेच काम हवे असते. त्यासाठी आतली कॉइल पुरेशी गार राहून बराच वेळ चालावी लागते, तेव्हा हवेतले पाणी तिच्यावर जमून ड्रेन पाइपने बाहेर जाते. बाहेर ३० अंश असताना दोन टनाचे यंत्र छोटी खोली काही मिनिटांत २५ वर आणते आणि थांबते किंवा अगदी मंद होते. तापमान उतरले, पाणी हवेतच राहिले. खोली गार आणि ओलसर, गाद्यांना वास, भिंतीला बुरशी. इन्व्हर्टर यंत्र वेग कमी करून हा दोष थोडा झाकते, पण त्यालाही खाली उतरण्याची एक मर्यादा असते, आणि मंद चालीत कॉइल कोमट राहिली तर पाणी कमीच निघते. ड्राय मोड थोडी मदत करतो. मूळ उपाय एकच: यंत्र जुलैला बेताचे असावे, आणि मेचा जादा भार छपराने उचलावा. मोठ्या यंत्राला मंजूर भार वाढवावा लागतो, जाड वायर लागते, आणि औद्योगिक भागातल्या कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजचा मार त्याच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला (पीसीबीला) बसतो, तो खर्च आणखी वेगळा.

कूलरचा विचार केल्याशिवाय इथे एसीची गोष्ट पुरी होत नाही. विदर्भाप्रमाणेच छत्तीसगडचा उन्हाळा कूलरवर निघतो, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ ते २० टक्के असेल तर पाण्याने ती जास्तीत जास्त २३-२५ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर त्यातला ऐंशी टक्के पल्ला गाठतो आणि २७-२८ अंशांचा वारा देतो, एसीच्या जेमतेम आठव्या-दहाव्या हिश्श्याच्या विजेत. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर हवा २९-३० च्या खाली नेऊ शकत नाही, वर खोलीत ओल वाढवतो. कूलर बंद करायचा दिवस पंचांगात नसतो, हवेच्या कोरडेपणात असतो. ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याने एप्रिल ते मध्य जून कूलर आणि पुढे एसी असा संसार केला तर वर्षाचे बिल बरेच उतरते. बीरगावात या सल्ल्याला दोन ठिकाणी ठेच लागते. मोठा कूलर मेच्या दुपारी ताशी वीस-पंचवीस लिटर पाणी उडवतो. जिथे टँकर येतो त्या गल्लीत हे परवडत नाही. आणि कूलर बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे कारखान्याची धूळही ओढतो. ओल्या वाळ्यावर किंवा हनीकॉम्ब पॅडवर जाड धूळ अडते, बारीक काजळी आत येते. घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर मी कोरड्या दिवसांतही खिडक्या बंद ठेवून चालणारा एसी बरा म्हणेन. मात्र स्प्लिट एसी ताजी हवा आत घेत नाही आणि त्याची जाळी फक्त जाड धूळ अडवते, तो हवा शुद्ध करतो हा गैरसमज आहे. दिवसातून एकदा, कारखान्यांचा धूर कमी असेल त्या वेळी, खिडक्या उघडाव्याच लागतात.

यंत्र घ्यायचे ठरले की लोकांचे सगळे लक्ष आतल्या युनिटवर असते: रंग, वाय-फाय, पॅनेलवरचे दिवे. आयुष्य ठरवते ते बाहेरचे. आतून उचललेली सगळी उष्णता आउटडोरच्या कॉइलमधून बाहेरच्या हवेत जायची असते, आणि त्या कॉइलच्या पातळ पात्यांमधली जागा एक-दीड मिलिमीटर. स्पंज आयर्नची काळी, जड धूळ पावसाच्या पहिल्या सरीत भिजली की तिथे लेप बसतो. मग हवा जात नाही, गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर तापून ट्रिप होतो, आणि गिऱ्हाइकाला सांगितले जाते की गॅस कमी झाला. इथे दर दीड-दोन महिन्यांनी, आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा, साध्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ती कॉइल धुवावी; जोराच्या पंपाने पाती वाकतात. युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, मागे निदान वीतभर आणि पुढे दीड-दोन मीटर मोकळी जागा ठेवून लावावे. पश्चिमेच्या भिंतीवर, तापलेल्या गच्चीवर टेकवून किंवा दोन घरांमधल्या अरुंद बोळात लावलेले युनिट स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढते. तिथे बाहेरचे ४५ अंश त्याच्यासाठी ५० होतात. कॉइल तांब्याची घ्यावी, कारण ती इथला कारागीर ब्रेझिंग करून दुरुस्त करू शकतो, अॅल्युमिनियमची बहुधा बदलावीच लागते. पण तांबे म्हणजे अमर, असेही नाही. कोळशाच्या धुरातले गंधकाचे वायू ओलाव्यासोबत धातू खातात, म्हणून पात्यांवर संरक्षक लेप आहे का, हे विचारून घ्यावे.

आता स्टार. दीड टनाच्या फाइव्ह स्टार यंत्राच्या लेबलावर वर्षाला साडेसातशे-आठशे युनिट आणि थ्री स्टारच्या लेबलावर हजाराच्या आसपास असे आकडे असतात. फरक अडीचशे युनिटांचा; सहा रुपये दर धरला तर वर्षाला दीड हजार. किमतीतला फरक आठ-दहा हजारांचा असेल तर तो वसूल व्हायला सहाएक वर्षे लागतात. वर्षाला १,६०० तासांपेक्षा जास्त वापर असेल, म्हणजे दिवसा झोपणारे आणि रात्री झोपणारे असे दोन्ही घरात असतील, तर फाइव्ह स्टारच घ्यावा. रात्री पाच-सहा तास, तेही चार महिने, एवढाच वापर असेल तर थ्री स्टार इन्व्हर्टर घेऊन उरलेले पैसे छपरावर घालावेत असे माझे स्पष्ट मत आहे. छप्पर यंत्रापेक्षा जास्त टिकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यातून सुटलेली रक्कम याच कामी लावता येईल. बिलाचे दुसरे गणितही छत्तीसगडमध्ये बदलले आहे. हाफ बिजली बिल योजनेत ज्या युनिटांपर्यंत बिल अर्धे होते ती ४०० युनिटांची मर्यादा ऑगस्ट २०२५ मध्ये १०० वर आली आणि डिसेंबरपासून २०० झाली. एक टनाचा इन्व्हर्टर रात्रभर चालला तर महिन्याला शंभर-दीडशे युनिट सहज होतात. म्हणजे छपराने वाचवलेले प्रत्येक युनिट आता सवलतीच्या काठावरचे आहे.

एसीने शहर आणखी तापते, कोळशाची वीज जळते, मग त्याचा सल्लाच का द्यायचा, असे विचारणारेही आहेत, आणि ते चुकीचे नाहीत. कोरब्याच्या कोळशावर निघणारी वीज आणि उरल्याचा धूर यांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. गॅसचाही भाग आहे: आर-४१० ए ची हवा तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त, आर-३२ ची ६७५ पट, आर-२९० म्हणजे प्रोपेनची नगण्य. असे गॅस कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मंजुरी दिली आहे, त्यामुळे हवा जास्त तापवणाऱ्या गॅसची यंत्रे पुढे कमी होत जातील; आज घेणाऱ्याने आर-३२ किंवा आर-२९० च घ्यावा, आणि दोन्ही पेट घेऊ शकतात म्हणून बसवणारा जाणकार असावा. पण मजुराने उकाड्यात तळमळावे आणि कारखाना तसाच चालावा, हे त्या आक्षेपाचे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर छोट्या यंत्रात आहे. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर लागतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने दर अंश वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. सावलीतले छप्पर आणि तीस-पस्तीस वॉटचा बीएलडीसी पंखा असेल तर २७ अंशांवर गाढ झोप लागते. उघड्या स्लॅबखाली तोच माणूस २० लावतो आणि तरीही कूस बदलत राहतो.

शेवटची गोष्ट बसवण्याची, कारण नीट निवडलेले यंत्र तिथे बिघडते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळीत फिरतो. गॅस कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. यातल्या बऱ्याच गळत्या पहिल्याच दिवशी पाइप जोडणाऱ्या ढिल्या आवळलेल्या फ्लेअर नटमधून किंवा पाइपाच्या वेड्यावाकड्या पसरवलेल्या तोंडातून सुरू होतात. पाइपात हवा आणि ओल राहिली तर तेल खराब होते आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. ती काढायला व्हॅक्यूम पंप वीस-तीस मिनिटे चालवावा लागतो. एप्रिल-मेच्या गर्दीत कारागिराला दिवसाला पाच-सहा घरे उरकायची असतात, त्यामुळे पंपाऐवजी थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची पद्धत पडली आहे. दोष एकट्या कारागिराचा नाही, गर्दीत खरेदी करणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे. म्हणून छपराचे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका, यंत्र मार्चच्या आधी घ्या, आणि बसवायला आलेल्या माणसाकडे व्हॅक्यूम पंप नसेल तर त्या दिवशी यंत्र बसवू देऊ नका.